त्याला आई नाही

माझ्या मावसभावाबद्दल दोन शब्द बोला, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्याच्या तसबिरीला हार घालताना सांगितलं, शाळेच्या झेंडावंदनाला सांगितलं, एकदा तर एका लग्नात ऐन पंगतीत वाढपी थांबवून सांगितलं. दर वेळी मी उठलो आणि चांगलंच बोललो. आज कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा जे आहे ते लिहितो. मला त्याचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. तो हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचा आणि पूर्वेकडच्या डोंगरांत जखमी जवानांना खाली आणताना पडला. त्यामुळे माझा हेवा विझला असेल असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही नागपुरात राहत होतो. मावशी बाळंतपणात गेली. तिचे यजमान जंगलखात्यात, सदा दौऱ्यावर, आणि पुढे एका तापात तेही गेले. आईने त्याला कडेवर घेऊन घरात आणलं, खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "हा आता आपल्याकडेच राहणार. त्याला आई नाही." मी त्याच्याहून वर्षाने मोठा. मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, पण परिणाम त्याच संध्याकाळी कळला. माझ्या हातातली नारळाची वडी मोडली गेली आणि मोठा तुकडा त्याच्याकडे गेला. नंतर त्या वाक्याने दुधावरची साय नेली, दिवाळीचा आधी शिवलेला सदरा नेला, रात्री आईच्या कुशीशेजारची जागा नेली. मी कुरकुर केली की आई तेच वाक्य म्हणायची. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, की आई नसणं ही भलतीच फायद्याची गोष्ट आहे. आपल्यालाही नसती तर! पण मग साय देणार कोण, इथे येऊन माझं घोडं अडायचं.

तो स्वतः कधीच काही मागायचा नाही. मागितलं असतं तर त्याला हावरट तरी म्हणता आलं असतं. "मावशी, त्याला दे ना आधी," असं तो म्हणायचा, मग आईचे डोळे भरून यायचे आणि उरलेली वडीही त्यालाच मिळायची. मी हे जाणूनबुजून केलेलं कारस्थान आहे असं मानत आलो. ते तसं नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण मानायला बरं वाटतं.

पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि वडिलांचं अख्खं ऑफिस भोपाळला निघालं. फायली निघाल्या, टेबलं निघाली, छताचे पंखे निघाले, आणि त्यांच्यामागोमाग आम्ही. मीही त्याच ऑफिसात कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. आमची क्वार्टर इतकी नवी होती की भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची. पुढे त्या बाजूला शिवाजी नगर वगैरे उठलं. तेव्हा नुसता खडक, बाभळी आणि क्वार्टरांसमोरचा एक मोठा माळ. सगळे नागपूरकर संध्याकाळी त्या माळावर जमून संत्र्यांची आठवण काढत बसायचे.

तो तेव्हा हवाई दलात शिकत होता. एक दिवस पत्र आलं, की त्याला विमानावर न घेता हेलिकॉप्टरवर घेतलं आहे. मला मनातून फार बरं वाटलं. नापासांना हेलिकॉप्टर देत असणार, अशी माझी समजूत झाली, आणि ती मी ऑफिसात दोघा-तिघांना सांगूनही ठेवली. पण झालं भलतंच. विमान सगळ्यांनी पाहिलं होतं, हेलिकॉप्टर कोणीच पाहिलं नव्हतं. बघता बघता मला ऑफिसात कोणी नावाने हाक मारेनासं झालं. साहेब सुद्धा म्हणायचे, "ते हेलिकॉप्टरवाल्याचे भाऊ कुठे आहेत? त्यांना बोलवा."

सुट्टीवर आला की पहिले काही दिवस तो ओरडून बोलायचा. इंजिनाच्या धडधडाटात राहून कानाचं माप बिघडलेलं. कुजबुजला तरी पलीकडच्या क्वार्टरात ऐकू जायचं. शेजारचे एक हेडक्लार्क वारले, तेव्हा आम्ही दोघं समाचाराला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले. त्याने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "आपली छत्री नेली ती ह्यांनीच ना?" बैठकीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्याला विचारायला लावलं होतं.

जेवताना त्याचा डावा हात पाटाशेजारी काहीतरी न दिसणारं हलकेच उचलायचा आणि सोडायचा. मी एकदा वैतागून विचारलं, "हे काय चाललंय?"

"सवय रे. हेलिकॉप्टरात डाव्या हाताला दांडा असतो, तो सोडून चालत नाही. विमान घटकाभर सोडलं तर आपलं आपण जात राहतं. हे सोडलं की संपलं. कडेवरच्या पोरासारखं सतत धरून ठेवावं लागतं."

"इथे समोर आमटी आहे," मी म्हणालो.

"बाप्पा, जेवू दे की त्याला!" आई मलाच ओरडली.

त्याची खरी खोड वेगळी होती. कुठलीही मोकळी जागा दिसली की तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघायचा आणि म्हणायचा, "बसेल." नाही तर, "नाही बसणार." म्हणजे तिथे हेलिकॉप्टर उतरवता येईल की नाही. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण, स्टेशनबाहेरचा टांग्यांचा अड्डा, काही सुटायचं नाही. त्याच्याबरोबर बाजारात जाऊन यायला दुप्पट वेळ लागायचा. जुन्या भोपाळात रेल्वेतले एक मराठी इंजिनियर राहत होते, त्यांच्या मुलीला बघायला आम्ही त्याला घेऊन गेलो. ह्याच गृहस्थांनी काही दिवसांपूर्वी माझी पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवली होती, ही गोष्ट आमच्या घरात मी सोडून सगळे विसरले होते. पोहे झाले, मुलगी नाव सांगून आत गेली. इंजिनियरांनी हात चोळत विचारलं, "मग? कसं काय वाटलं?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "पुढची जागा उत्तम आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "फक्त विजेच्या तारा फार आहेत. आणि तो लिंब काढावा लागेल."

मी मनात म्हटलं, संपलं आता. पण आतून मुलीचं हसू ऐकू आलं, मग तिच्या आईचं, मग इंजिनियरही हसायला लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून होकार आला, पत्रिका न बघता. आणि हा म्हणाला, "मावशी, इतक्यात नको." आईने लगेच मान डोलावली. मी असं म्हणालो असतो तर घरात आठ दिवस चूल पेटली नसती.

आता वाऱ्याबद्दल. सकाळी उठल्यावर तोंडही न धुता तो विचारायचा, "मावशी, वारा कुठला?" आमच्या आईला तोवर पूर्व कोणती ते देवघराकडे बघून सांगावं लागायचं. त्याने तिला शिकवलं. वडिलांचं पांढरं धोतर दोरीच्या अगदी टोकाला वाळत घालायचं, ते कुठल्या बाजूला उडतं, अर्धं उडतं की पुरतं ताणून उभं राहतं, त्यावरून वारा सांगायचा. थोड्याच दिवसांत आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून, पदराची हालचाल बघून वारा सांगायला लागली. तो गेला की ती त्याला पोस्टकार्डं पाठवायची, आणि मायना संपला की पहिलं वाक्य असायचं, आज नैऋत्येचा वारा आहे, धोतर निम्मंच उडतं आहे. तिकडे आसामात बसून त्याला भोपाळच्या वाऱ्याचा काय उपयोग होता, देव जाणे. मला बढती मिळाली ती बातमी मी आईला अंगणात सांगितली. "हो का? छान झालं," ती दोरीकडे बघत म्हणाली. "आज बघ कसा फिरलाय वारा." मी आत जाऊन वडिलांना पेढे दिले.

एका उन्हाळ्यात दिल्लीचे कोणी बडे पाहुणे धरणाची जागा बघायला येणार होते, आणि त्यांचं हेलिकॉप्टर आमच्या समोरच्या माळावर उतरणार होतं. चालवणार तो. बांधकाम खात्याची माणसं येऊन माळावर पाणी शिंपडून गेली आणि मधोमध चुन्याचं मोठं गोल वर्तुळ काढून गेली. ते वर्तुळ पाहून आमच्या भगिनी मंडळाने जे करायचं तेच केलं. एवढं सुरेख रिंगण आणि आत काहीच नाही, हे नागपूरच्या बायकांना सहन होण्यासारखं नव्हतं. आईच्या पुढारीपणाखाली साऱ्या जणी पहाटेपासून कमरा मोडून बसल्या, आणि उन्हं येईतो त्या वर्तुळात रांगोळीचा गालिचा तयार झाला. कमळं, मोर, कडेने गोपद्मं, सगळीकडे पोतंभर रंग. बाजूला औक्षणाची ताटं घेऊन त्या उभ्या राहिल्या. माळाच्या काठाने खाटांवर साऱ्या कॉलनीच्या कुरडया, सांडगे आणि पापड वाळत घातलेले होते, ते उचलायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तो वरून आला. आधी चुना उडाला, मग मोर उडाला, मग काहीच दिसेनासं झालं. डोळे उघडले तेव्हा जिल्ह्याचे कलेक्टर हिरवे झाले होते, पाहुण्यांची टोपी गुलाबी झाली होती, निरांजनं विझली होती, आणि वर्षभराच्या कुरडया बाभळींवर जाऊन बसल्या होत्या. कोपऱ्यावरचा सायकलवाला माझ्याशेजारी उभा होता. तो डोळे पुसत म्हणाला, "को खाँ, तुमारे भाई ने तो बेमौसम होली खिला दी!"

मला तेव्हा जो आनंद झाला तो मी लपवत नाही. लहानपणी वाळत घातलेल्या पापडावर माझा पाय पडला, तर आईने मला लाटणं फेकून मारलं होतं. इथे साऱ्या कॉलनीची साठवण गेली होती. आज ती त्याला बोलणार, चारचौघांत बोलणार, म्हणून मी मुद्दाम पुढे जाऊन उभा राहिलो. तो खाली उतरला, जांभळा-पिवळा, नुसते दात पांढरे. "मावशी," तो ओरडला, "मी पत्रात लिहिलं होतं, खाली काही ठेवू नका म्हणून!" आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग उठली आणि विझलेल्याच निरांजनाने आधी त्याला ओवाळलं आणि मग त्या यंत्राला. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी घरी आलो, डोकं धुतलं आणि जेवलो नाही. मी जेवलो नाही हे संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नाही.

मग सरहद्दीवर लढाई सुरू झाली. त्याची पत्रं आखूड झाली, मग थांबली. आई धोतर वाळत घालायची आणि दोरीपाशीच उभी राहायची. एका दुपारी त्याच्याच तुकडीतला एक तरुण पंजाबी अधिकारी दारात उभा राहिला. त्याच्या हातात कापडाने बांधलेला एक लहान कलश होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. वडील भिंतीला धरून खाली बसले. त्या अधिकाऱ्याने टोपी काढली आणि विचारलं, "उनकी माताजी?"

"मी," आई म्हणाली. मग चटकन सावरून म्हणाली, "मौसी. मैं मौसी है उसकी."

अधिकारी खुर्चीच्या कडेवर बसून सांगत राहिला. तिकडे उतरायला जागाच नसायची. उतारावरचा एखादा शेताचा तुकडा, नदीतली वाळू. हा खाली निरोप द्यायचा, की कुठलाही पांढरा कपडा काठीला बांधून ठेवा. "कहते थे, हमारे घर में हवा ऐसे ही देखते हैं। जवान अपनी बनियान टाँग देते थे।" त्या दिवशी ढग खाली आले होते. जाऊ नका, असं त्याला सांगितलं होतं. वर जखमी पडून होते. तो म्हणाला, जागा मी पाहिलेली आहे, बसेल. आणि ते बसलं. जखमींना आत घेतलं, हेलिकॉप्टर उठलं, आणि ढगात डोंगराचं टोक त्याला दिसलं नाही. आईने एवढंच विचारलं, "वो खाके निकला था क्या?"

"जी माताजी," तो म्हणाला. तो खोटं बोलला हे मला कळलं, आणि त्याबद्दल मला तो माणूस आवडला.

मला रडू आलं का? आलं. न्हाणीघरात जाऊन मी पुष्कळ रडलो. पण बाहेर आलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि जो तो त्याच्याबद्दल मलाच सांगत होता, जणू तो त्यांच्या घरी वाढला होता. मी चहा देत फिरत होतो. एका गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "तुम्ही लाख काही केलंत, तरी मावशीबाईंची ही जागा भरून निघणार नाही." मी त्यांना अजून साखर हवी का विचारलं.

दहाव्याला आम्ही मोठ्या तलावाच्या घाटावर गेलो. आईवडील हयात असलेल्याने पिंडाला बसायचं नसतं, म्हणून विधी वडिलांनी केले. बायका तेव्हा घाटावर येत नसत, पण आई चप्पल घालून निघाली आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तो अधिकारीही थांबला होता. पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरलो. पिंपळावर कावळे होते. एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल. बोला, आश्वासन द्या."

वडील हात जोडून म्हणाले, "तुझ्या मावशीची काळजी करू नकोस. आम्ही आहोत." कावळे हलले नाहीत. त्यांनी आणखी काय काय कबूल केलं, वर्षाच्या वर्षाला श्राद्ध घालीन, शाळेत त्याच्या नावाचं बक्षीस ठेवीन. अधिकारी पुढे होऊन सलाम करून आला. ऊन चढायला लागलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढला. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे तसं."

"खोटा कावळा चालणार नाही," आई म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "तू बोल. तो तुझ्यासाठी थांबलाय."

"माझ्यासाठी? मी काय अडवलंय त्याचं?"

"तू नाही. मी अडवलं होतं, तुझ्यापायी." ती खाली बघत होती. "आपल्याकडे आल्यावर थोड्याच दिवसांनी त्याने मला विचारलं होतं. मी तांदूळ निवडत होते. जवळ येऊन बसला आणि म्हणाला, मी तुला आई म्हणू का? मी म्हटलं, नको रे राजा, मावशी म्हण. बाकीचं सगळं तुला देतेय मी, पण एवढं एक दादापाशी राहू दे, नाही तर त्याच्याकडे काय उरेल? बरं, म्हणाला. पुन्हा कधी विचारलं नाही त्याने. एवढा मोठा झाला, पण विचारलं नाही."

वडिलांनाही हे ठाऊक नसावं.

"आता तू हो म्हण," आई म्हणाली.

मला काय वाटलं ते सांगतो. जन्मभर मी जी एक गोष्ट शोधत होतो, जी फक्त माझी असेल आणि त्याच्या वाट्याला मुळीच गेलेली नसेल, ती माझ्यापाशी सुरुवातीपासून होती. तिने ती त्याला नाकारून माझ्यासाठी राखली होती. आणि मला ते कळलं त्याच घटकेला ती देऊन टाकायला सांगत होती. मला द्यायची नव्हती. खरोखर द्यायची नव्हती. ती थोडे दिवस तरी वापरून बघायची होती. गुरुजी, वडील, तो मराठी न समजणारा अधिकारी, सगळे माझ्याकडे बघत होते. आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"म्हण," मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. "आई म्हण तिला. माझी काही हरकत नाही."

तलावावरून वारा आला. ऊन बरंच वर आलं होतं आणि कावळ्यांना भूक लागली असेल. मी त्यात आणखी काही बघत नाही. त्यांतला एक उडाला, पायरीवर उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि पिंडाला चोच लावली. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. वडील डोळे पुसायला लागले. आई दोन पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेली, जितकं जाता येईल तितकं.

"सावकाश खा रे राजा," ती म्हणाली. "आई आहे इथे."

ती तिथेच बसून राहिली, त्याचं खाऊन होईपर्यंत. मागे वळून तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि मी वरच्या पायरीवर उन्हात उभा राहून त्या कावळ्याचा हेवा करत होतो.